१४ इंची टीव्हीवर आर्केड बोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतले चार-पाच जण आलटून पालटून तेच तेच विचारतात, कुणी फोनवर, कुणी इथे गोव्यात डिचोली बाजारात अडवून, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढूया. मी इंजिनिअर नाही. टीव्ही रिपेअरवाल्याच्या दुकानात बसून बसून शिकलोय आणि दोनदा चांगला हात भाजून घेतलाय, तेवढंच माझं क्वालिफिकेशन.

नेमकं करायचंय काय?

लहानपणी बस स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एक रुपयाचं नाणं टाकून जो गेम खेळायचो ना, त्या लाकडी कपाटात तीनच गोष्टी होत्या: एक पिक्चर ट्यूबचा मॉनिटर, एक सर्किट बोर्ड ज्यात गेम असतो (हाच आर्केड बोर्ड), आणि एक पॉवर सप्लाय. बोर्ड अजून मिळतात. आर्केडचे असली मॉनिटर आपल्याकडे सापडत नाहीत, सापडले तर ट्यूब गेलेली असते. पण घराघरात माळ्यावर पडलेला १४ इंची कलर टीव्ही आतून जवळजवळ तोच मॉनिटर आहे, फक्त बोर्डाकडून येणारे लाल-हिरवा-निळा सिग्नल सरळ आत घ्यायचं दार त्याला बाहेरून दिलेलं नाही. ते दार पाडायचं, एवढंच काम.

एवढं कशाला, एलईडी टीव्हीला का नाही जोडत?

जोडा की, कोण नको म्हणतंय. पण हे बोर्ड सेकंदाला साधारण ६० फ्रेम टाकतात आणि एका फ्रेममध्ये २६२ च्या आसपास लाईनी, म्हणजे २६२ गुणिले ६०, झाले पंधरा हजार सातशे वीस. यालाच सगळे '१५ किलोहर्ट्झ' म्हणतात. जुना टीव्ही पण तेवढ्यावरच चालतो, आपल्या पाल (PAL) सिस्टिमची, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीची, लाईन फ्रिक्वेन्सी १५.६२५ किलोहर्ट्झ, म्हणून दोघांचं जमतं. नवीन टीव्हीला हा सिग्नल आधी समजून घ्यावा लागतो, मग ताणून मोठा करावा लागतो, त्यात उशीर होतो, बटण दाबलं आणि उडी नंतर, आणि बरेच टीव्ही या सिग्नलला (२६२ पैकी पडद्यावर दिसतात त्या २४० लाईनी) इंटरलेस, म्हणजे एकाआड एक लाईनींचं अर्धं-अर्धं चित्र, समजून चित्राची पार खिचडी करतात. बंदुकीचे गेम तर चालतच नाहीत, कारण ती बंदूक ट्यूबवर सरकणारा प्रकाशाचा ठिपका बघून नेम ओळखते, एलईडीत तसा ठिपकाच नसतो.

कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर पडलाय, तो चालेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, उत्तर नाही. व्हीजीए मॉनिटर ३१.५ किलोहर्ट्झपासून सुरू होतो, बोर्ड देतो त्याच्या अर्धं. नशीब चांगलं असेल तर मॉनिटर नुसता काळा राहील, जुना असेल तर हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर घेऊन जाईल. मधे जीबीएस-८२०० नावाचं स्वस्त कन्व्हर्टर बोर्ड टाकून १५ चं ३१ करता येतं, चित्र बरं येतं पण मग ते 'बरं'च येतं. उलट ज्या बोर्डांना स्वतःच ३१ किलोहर्ट्झ येतं, म्हणजे सेगाचं नाओमी वगैरे, त्यांना हाच कॉम्प्युटर मॉनिटर छान चालतो. त्यामुळे फेकू नका.

मग टीव्ही कुठला घ्यायचा आणि गोव्यात मिळणार कुठे?

१४ इंची कलर, शक्यतो पुढे किंवा मागे पिवळ्या-पांढऱ्या जॅकवाला, म्हणजे एव्ही इनवाला. कंपनी कुठली याला फार महत्त्व नाही, आतली 'जंगल आयसी' महत्त्वाची, म्हणजे टीव्हीचं सगळं सिग्नलचं काम करणारी मोठी चिप. एलए७६८१०, टीडीए८३६१, टीडीए८८४२ असलं काही दिसलं तर बरं, यांची डेटाशीट सहज मिळते. मिळायला म्हणाल तर पहिलं ठिकाण नातेवाईक. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळा-भाज्यांचं छत, बांधताना माळा साफ होतो, तेव्हा हमखास एक टीव्ही खाली येतो, तेव्हाच विचारून ठेवा. दुसरं भंगारवाला, पण तो टेम्पोत टाकताना ट्यूबची मान मोडतो म्हणून आधी सांगून ठेवावं लागतं. मला एक कारापूरच्या भंगारवाल्याकडे दोनशे रुपयांत मिळाला, चालू स्थितीत, फक्त रिमोट नव्हता आणि आत एक वाळलेली पाल होती.

पाल ही गंमत नाही हं. टीव्हीच्या उबेला पाली आत जातात आणि ट्यूबच्या मागच्या नेक बोर्डावर चिकटून मरतात, मग एका रंगाचा पडदा येतो, सगळं लाल नाहीतर सगळं हिरवं, आणि लोक म्हणतात ट्यूब गेली. माझ्या त्या टीव्हीत ती हिरव्याच्या ट्रान्झिस्टरच्या दोन पायांवर आडवी पडली होती, शेपटी फोकसच्या वायरीला टेकलेली, काड्यापेटीच्या काडीने हलवली तर कागदासारखी सुटून आली. खालचा भाग स्पिरिटने पुसला, चित्र परत आलं.

अजून एक, 'चायना किट' मारलेला टीव्ही. आपल्याकडच्या मेकॅनिकांनी मधल्या काळात जुन्या टीव्हींचं मूळ सर्किट काढून तयार चिनी किट बसवलेत. त्याला नाक मुरडू नका, आपल्या कामाला ते उलट सोपं पडतं, आत मोकळं असतं आणि सगळं एका चिपवर असतं.

लाईव्ह चॅसिस, लाईव्ह चॅसिस म्हणतात ते काय?

बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा.

जुन्या बऱ्याच टीव्हींत आतलं ग्राउंड हे खरं ग्राउंडच नसतं, ते ब्रिज रेक्टिफायरमधून थेट मेनला लागलेलं असतं. टीव्ही बंद पेटीत असेपर्यंत कुणाला काही होत नाही कारण बाहेर सगळं प्लॅस्टिक. पण आपण त्या ग्राउंडला वायर लावून ती बाहेर काढणार, गेम बोर्डाच्या ग्राउंडला जोडणार, बोर्डाचं ग्राउंड पॉवर सप्लायतून अर्थिंगला, आणि नाण्याच्या दारापासून जॉयस्टिकपर्यंत सगळ्या धातूला मेन.

मी हेच केलं होतं. पहिलाच टीव्ही, एव्ही जॅक नसलेला, जंगल आयसी सापडली म्हणून आनंदात वायरी सोल्डर केल्या, बोर्ड चालू, मग टीव्हीचा स्विच दाबला. फाट्कन आवाज, घरातली लाईट गेली, आणि बोर्डाच्या ग्राउंडची तांब्याची पट्टी जिथे होती तिथे नुसती काळी रेघ. बोर्ड कसल्यातरी विमानाच्या गेमची डुप्लिकेट होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. दुकानातला मेकॅनिक एवढंच म्हणाला, 'हात खंय घालता तें आदीं पळय.' म्हणजे हात कुठे घालतोस ते आधी बघ.

तर बघायचं कसं. टीव्हीला कंपनीनेच एव्ही जॅक दिला असेल तर त्याचं चॅसिस वेगळं केलेलं असतं, कारण त्या जॅकच्या धातूला माणसाचा हात लागणार हे त्यांना माहीत असतं. मात्र जॅक नंतर कुणी भोक पाडून बसवलेला नाही ना ते बघा. मग सर्किट बोर्डावर एक जाड पांढरी रेघ असते, एका बाजूला मेन आणि दुसऱ्या बाजूला बाकीचं, त्या रेघेवर फक्त ट्रान्सफॉर्मर आणि चार किंवा सहा पायांचा ऑप्टोकपलर उभा असतो. शेवटी मल्टीमीटर: प्लग भिंतीतून काढलेला, टीव्हीचा स्विच ऑन, आणि प्लगच्या प्रत्येक पिनेपासून ट्यूनरच्या (जिथे अँटेनाची वायर लागते) धातूच्या डबीपर्यंत ओहम मोजा. मेगओहममध्ये आलं तर ठीक. थोडेसेच ओहम दिसले किंवा एका बाजूने मोजल्यावर डायोडसारखं दिसलं तर लाईव्ह.

लाईव्ह निघालाच आणि तोच टीव्ही वापरायचा हट्ट असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, २३० आत २३० बाहेर, १४ इंचीला २०० व्हीएचा भरपूर झाला, वाइंडिंगवाले करून देतात. फ्रिजसाठीचा स्टॅबिलायझर म्हणजे आयसोलेशन नव्हे! त्यात ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, आतली एक वायर सरळ आरपार. हे मी मोठ्या आवाजात लिहितोय कारण माझ्याच चुलतभावाने मला 'स्टॅबिलायझर लावलाय रे, काळजी नको' असं सांगितलं होतं.

आणि एक, वेगळ्या केलेल्या चॅसिसवरही अर्थिंग नसेल तर जॅकला बोट लावल्यावर किंचित मुंग्या येतात. ते दोन बाजूंच्या मधल्या छोट्या कपॅसिटरमुळे, घाबरू नका, पण अर्थिंग करून घ्या.

उघडताना शॉक बसतो का?

बसू शकतो, आणि दोन जागी. १४ इंची कलर ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली जी क्लिप असते तिथे, वीस हजार व्होल्टच्या पुढे जातं, आणि ट्यूब स्वतः कपॅसिटर आहे, प्लग काढला तरी चार्ज धरून ठेवते. ट्यूबच्या काळ्या पाठीवर जी उघडी तारेची वेणी असते तिला क्लिपची वायर लावा, दुसरं टोक लांब स्क्रू ड्रायव्हरला, आणि तो रबरी टोपीखाली सरकवत धातूच्या क्लिपपर्यंत न्या. टिक आवाज येईल किंवा येणारही नाही. पाच मिनिटांनी परत करा, चार्ज थोडा परत चढतो.

दुसरी जागा मेनचा मोठा कपॅसिटर, २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की सव्वातीनशे डीसी होतात. खरं सांगू, माणसं मरतात ती याच्याने, वीस हजारवाल्याने झटका बसून कोपर मागच्या भिंतीवर आपटतं. जुन्या १०० वॅटच्या बल्बच्या दोन वायरी याच्या पायांना लावून चार्ज उतरवा, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पायात रबरी चप्पल. पावसाळ्यात लादी घामेजलेली असते तेव्हा अनवाणी तर मुळीच बसू नका. चालू टीव्हीत मोजमाप करायचं तर एक हात खिशात. आणि ट्यूबची मान, ती काचेची बारीक नळी, तिला धरून उचलू नका, मोडली तर टीव्ही संपला.

आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आत घ्यायचं कुठून?

आवाज वाढवला की पडद्यावर हिरव्या रेघा येतात ना, त्यातूनच. तो मेनू, म्हणजे ओएसडी, मायक्रो कंट्रोलर तयार करतो आणि तीन वायरींनी जंगल आयसीला देतो, आर, जी, बी. चौथी पिन असते फास्ट ब्लँकिंगची, ती वर गेली की आयसी टीव्हीचं चित्र सोडून त्या तीन पिनांवरचं चित्र दाखवते. आपण मेनूच्या जागी गेम घुसवायचा.

डेटाशीट काढा, आर इन, जी इन, बी इन आणि ब्लँकिंग या चार पिना शोधा, मग बोर्डावर उलटं माग काढत मायक्रोपर्यंत जा. वाटेत प्रत्येक लाईनीत एक रेझिस्टर असेल आणि आयसीच्या तोंडाशी बहुतेक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटर राहू द्या. रेझिस्टरचं मायक्रोकडचं टोक उचला नाहीतर मेनू पण ठेवायचा असेल तर तिथे एकेक १एन४१४८ डायोड टाका म्हणजे दोघांची भांडणं होत नाहीत. आपली वायर कपॅसिटरच्या अलीकडे लावा आणि तिथूनच ७५ ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला.

ब्लँकिंग पिनेला १ ते ३ व्होल्टच्या मधे हवं असतं. ५ व्होल्टवरून १८० ओहम घेऊन ७५ ओहम ग्राउंडला टाकला की दीडच्या जवळ येतं. मधे एक स्विच टाका, गेम आणि टीव्ही दोन्ही राहतात, आई-बाबांची तक्रार नको.

दोन ठिकाणी लोक अडकतात. काही टीव्हींत मायक्रो आणि जंगल एकाच चिपमध्ये असतात, टीडीए९३५१ सारख्या, तिथे ओएसडीच्या वायरी बाहेर दिसणारच नाहीत. पण बाहेरून आरजीबी घ्यायच्या वेगळ्या पिना असतात, रिकाम्या पडलेल्या, आणि कधी कधी सर्व्हिस मेनूतून, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या लपवलेल्या मेनूतून, त्या चालू कराव्या लागतात. दुसरं, काही स्वस्त आयसींचा ओएसडी इनपुट फक्त चालू आणि बंद एवढंच ओळखतो, तिथे तीन रंगांच्या मिळून आठच छटा निघतात, माणसांचे चेहरे पिवळेधम्मक. त्यावर उपाय शोधत बसण्यापेक्षा दुसरा टीव्ही बघा, टीव्ही अजून फुकट मिळतायत.

रेझिस्टर किती ओहमचे?

आर्केड बोर्ड प्रत्येक रंगाला साधारण ३ ते ४ व्होल्ट देतो, टीव्हीला हवेत ०.७. सरळ जोडलं तर सगळं पांढरं आणि फुगलेलं. साडेतीन व्होल्ट धरले आणि ७५ ओहमच्या आधी ३०० ओहम सिरीजमध्ये टाकला तर बरोबर ०.७ येतात, गणित सोपं आहे. पण प्रत्येक बोर्ड वेगळा, म्हणून मी तीन १ के चे प्रीसेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर, लावतो, एकेका रंगाला एक, आणि गेमच्या टेस्ट मेनूतला कलर बार बघून फिरवतो. आधी हिरवा लावा मग बाकीचे दोन त्याच्याशी जुळवा, असं केलं की राखाडी रंग खरंच राखाडी दिसतो.

जामा पट्टीवर, म्हणजे ५६ पिनांचा तो कनेक्टर जो १९८५ पासून जपानी कंपन्यांच्या संघटनेने ठरवून दिला, पार्ट्सच्या बाजूला १२ नंबरला लाल, १३ ला निळा, १४ ला व्हिडिओ ग्राउंड. सोल्डर बाजूला १२ च्या मागे हिरवा आणि १३ च्या मागे सिंक, म्हणजे लाईन आणि फ्रेम कधी सुरू होते ते सांगणारा सिग्नल. व्हिडिओ ग्राउंड वेगळा आणा, पॉवरच्या ग्राउंडवर भागवलं की चित्रात आडव्या सावल्या लोळतात.

आणि सिंक?

सिंक पिवळ्या जॅकमधून! टीव्हीला वाटतं कॉम्पोझिट व्हिडिओ (चित्र आणि सिंक एकाच वायरीत) येतोय, तो त्यातलं सिंक काढून घेतो, चित्र आपण दुसरीकडून देतोय. बोर्डाचं सिंक ५ व्होल्टचं असतं, ४७० ओहमचा रेझिस्टर टाका, टीव्हीच्या आतल्या ७५ ओहमवर पाऊण व्होल्टच्या आतबाहेर उरतं, पुरे. हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकल वेगळे येत असतील तर ७४एचसी८६ च्या एका गेटमधून एकत्र करा.

चॅनेल एव्हीवर ठेवायला विसरू नका. हसू नका, अर्धा दिवस गेलाय माझा.

टीव्ही न उघडता होत नाही का?

होतं. २००० नंतरच्या काही फ्लॅट ट्यूबवाल्या २१ इंचींना मागे हिरवा-निळा-लाल असे कॉम्पोनंटचे जॅक असतात, त्यांना आरजीबी ते कॉम्पोनंट कन्व्हर्टर लावला की चित्र जवळजवळ तेवढंच सुरेख. युरोपातल्या टीव्हींना स्कार्ट नावाचं मोठं सॉकेट असायचं, त्यात आरजीबी सरळ जायचं, आपल्याकडच्या टीव्हींना ते दिलंच नाही. नुसता पिवळा जॅक असेल तर एडी७२५ चिपचे एन्कोडर बोर्ड मिळतात पण मग रंग एकमेकांत पाझरतात, लाल अक्षरं तर वाचवत नाहीत. ज्याला उघडायची भीती वाटते त्याने हेच करावं, त्यात काही कमीपणा नाही.

चित्र गोल फिरतंय, कापलं जातंय, निळं होतंय...

वरखाली फिरत असेल तर व्हर्टिकल होल्डचा प्रीसेट, जुन्या टीव्हीत मागे असतो. आपला टीव्ही ५० हर्ट्झचा आणि बोर्ड ६० चा, बहुतेक टीव्ही आपोआप धरतात. काही बोर्ड तर ५५ च्या आसपास चालतात, आर-टाईप, मॉर्टल कॉम्बॅट वगैरे, तिथे जरा हट्ट करतो टीव्ही.

६० वर उंची थोडी कमी होते, वरखाली काळे पट्टे. सर्व्हिस मेनू असेल तर ५० आणि ६० ची उंची वेगवेगळी लावता येते, चित्र उजवीकडे सरकलं असेल तर ते पण तिथेच. मेनूत हात घालण्याआधी सगळे आकडे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

वरचा भाग वाकडा झुकतोय म्हणजे सिंक जास्त आहे किंवा कमी, रेझिस्टर बदलून बघा. पडदा निळा होतोय म्हणजे टीव्हीला वाटतंय सिग्नलच नाही, ब्लू बॅक बंद करा. पांढऱ्याच्या मागे शेपट्या ओढल्यासारखं दिसतंय तर कुठलातरी ७५ ओहम राहिलाय.

अंधुक असेल म्हणून एलओटीवरचा (लाईन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ॲनोडचं व्होल्टेज तयार करणारा) स्क्रीनचा प्रीसेट भसाभस फिरवू नका, थोडाच, आणि परतीच्या तिरक्या रेघा दिसायला लागल्या की मागे. बी प्लस, म्हणजे एलओटीला मिळणारं डीसी व्होल्टेज, वाढवून उजेड आणायचा उद्योग तर कुणी करूच नये, त्याने ॲनोडचं व्होल्टेज वर जातं.

उभे गेम? पॅकमॅनसारखे?

१९८० चा पॅकमॅन २२४ बाय २८८ चा, उभा. टीव्ही आडवा पाडायचा. बंद करून पाडा, मग चालू करा, म्हणजे आतली डिगॉस कॉईल, ट्यूबमधलं चुंबकत्व उतरवणारी, आपलं काम करते. कोपऱ्यात गुलाबी-हिरवे डाग आले तर ते पृथ्वीच्या चुंबकत्वाचे, अर्धा तास बंद ठेवून परत चालू करा, तरी गेले नाहीत तर मेकॅनिककडची गोल कॉईल मागून आणा. स्पीकर ट्यूबच्या शेजारी ठेवू नका. हवा जायची भोकं वर येतील असं बघा नाहीतर पाडलेला टीव्ही आतून उकडतो. चित्र उलटं आलं तर टीव्ही दुसऱ्या कुशीवर पाडण्याआधी बोर्डावरचा फ्लिपचा डिप स्विच (सेटिंग बदलायचे बारीक स्विच असतात त्यातला) शोधा.

ब्लॅक अँड व्हाईट पोर्टेबल आहे, बॅटरीवर चालणारा

वा! हा तर सगळ्यात सुरक्षित, १२ व्होल्टच्या ॲडाप्टरवर चालवा, आत मेन येतच नाही (ॲनोडवर मात्र दहाएक हजार व्होल्ट असतातच). तिन्ही रंग रेझिस्टरने एकत्र करा, हिरवा सगळ्यात जास्त, लाल त्याच्या अर्धा, निळा अगदी थोडा, त्यात सिंक मिसळा आणि व्हिडिओ ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी द्या. १९७८ चा स्पेस इनव्हेडर्स मूळचा काळा-पांढराच होता, कपाटात पडद्यावर रंगीत जिलेटिनच्या पट्ट्या चिकटवून हिरवा-लाल दाखवायचे. अ‍ॅस्टेरॉइड्स मात्र यावर कधीच येणार नाही, तो व्हेक्टर गेम, त्यात लाईनी नसतात, किरण सरळ रेघा मारत फिरतो.

बोर्डाला पॉवर आणि आवाज?

कॉम्प्युटरचा एसएमपीएस चालतो, ५ आणि १२ व्होल्ट मिळतात. काही जुन्या बोर्डांना आवाजासाठी उणे ५ पण लागतं जे नवीन एसएमपीएसमध्ये नसतं. मी व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा आर्केडचा सप्लाय वापरतो, कारण लांब वायरीत व्होल्ट पडतात. बोर्डाच्या पट्टीवरच मोजा, सप्लायवर नाही. ५.० ते ५.१ असू दे. ४.८ ला गेम मधेच रिसेट होतो आणि लोक रॉम, म्हणजे गेमच्या चिपा, बदलत बसतात.

जामातला स्पीकरचा आउटपुट आधीच ॲम्प्लिफाय केलेला असतो. टीव्हीच्या ऑडिओ जॅकमध्ये घालू नका, आणि स्पीकर मायनस ग्राउंडला जोडू नका, बऱ्याच बोर्डांत त्याने ॲम्पची आयसी जाते. ८ ओहमचा साधा स्पीकर लावा.

पहिला बोर्ड कुठला घेऊ? मला मुस्तफा पाहिजे

सगळ्यांनाच मुस्तफा पाहिजे असतो! म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत मी घरच्यांनी चप्पल घ्यायला दिलेले पैसे त्याच्यावर घालवलेत. कागदोपत्री तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, पिवळी टोपीवाला मुस्तफा म्हणून आख्ख्या भारताने त्याचं नाव बदललं. असली बोर्डात बॅटरी असते, ती मेली की आवाजाचा प्रोग्राम जातो, म्हणून जुना घेताना बॅटरी कधी बदलली ते विचारा. कॅपकॉमच्या त्यानंतरच्या सीपीएस-२ बोर्डांचं तसंच, बॅटरी संपली की गेमच उठत नाही.

शिकायला मात्र '६० इन १' नावाचं चिनी बोर्ड घ्या. त्यात १५ आणि ३१ दोन्ही किलोहर्ट्झ येतं, डिप स्विचने बदलता येतं, आणि जळलं तर रडू येत नाही.

ट्यूब कमजोर आहे, दुसऱ्या टीव्हीची बसवू का?

मान सारखी हवी, २२.५ मिलिमीटर की २९.१ ते कॅलिपरने मोजा, आणि योक, म्हणजे मानेवरची कॉईल, जुन्या सर्किटला जुळणारी हवी. दोन्ही योकचे हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकलचे ओहम मोजून तुलना करा. फरक जास्त असेल तर चित्र पिचकेल किंवा बीयू५०८, म्हणजे हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, जाईल. योक कधीही मानेवरून ढिला करू नका, त्याच्या पाचरी आणि चकत्या कंपनीत लावलेल्या असतात, एकदा हलल्या की तिन्ही रंग जुळवता जुळवता दोन रविवार जातात. माझं मत विचाराल तर सर्किटात वाट्टेल ते करा, सगळं परत मिळतं, ट्यूबला मात्र हात लावू नका. ती आता कुणी बनवत नाही.

पावसाळ्यात टीव्हीतून सूं सूं आवाज येतो

गोव्यातला खास प्रश्न. दमट हवा आणि समुद्राकडे राहत असाल तर वर मिठाचा थर, ॲनोडच्या रबरी टोपीभोवती धूळ बसलेली असते ती ओली झाली की व्होल्टेज त्यावरून सरपटतं. दिवे बंद करून बघा, टोपीच्या कडेने निळसर उजेड दिसेल, ओझोनचा वास येतो तो हाच. प्लग काढा, ट्यूब वर सांगितल्याप्रमाणे दोनदा डिस्चार्ज करा, टोपी काढून काच आणि रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. एलओटीच्याच अंगातून ठिणगी फुटत असेल तर ग्रीस-बीस उपयोगाचं नाही, तो बदलायचा.

जून ते सप्टेंबर रोज नाही तर एक दिवसाआड अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उबेने सुकून राहतो. आणि ढग गडगडायला लागले की प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. आमच्याकडे एका मे महिन्यात पहिल्याच वळवाच्या पावसात शेजारच्यांचा राऊटर, आमचा पंख्याचा रेग्युलेटर आणि माझा '६० इन १' एकाच कडाक्यात गेले. टीव्ही वाचला, कारण त्याचा प्लग मांजराने पाडला होता.